वाइल नोड अढळ? कुणाच्या भरवशावर?

नोडवाला: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "टोपोलॉजीचं (ऊर्जापट्ट्यांच्या सहज न मोडणाऱ्या गुंफणीचं) संरक्षण असलं की इलेक्ट्रॉन आपापसात कितीही भांडोत, सेमीमेटल (धातू आणि इन्सुलेटर यांच्या मधला पदार्थ) ढिम्म हलत नाही." गप्प बसणार होतो, राहवलं नाही. एकट्या वाइल नोडमध्ये, म्हणजे दोन ऊर्जापट्टे टेकतात त्या बिंदूत, गॅप (पट्ट्यांमधली फट) पडत नाही, मान्य. पण तो एकटा असतो कुठे? नीलसन-निनोमिया या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच सांगितलंय, स्फटिकाच्या जाळीवर जोडीनेच येतो. चार्ज डेन्सिटी वेव्ह (विद्युतभाराच्या घनतेची लाट) उठली, जाळीची आवर्तिता मोडली, की विरुद्ध कायरॅलिटीचे (डाव्या-उजव्या वळणाचे) दोन नोड एकमेकांना गिळून मोकळे.

शून्यघनता: ते वाक्य माझंच. तुमचा "उठली की" फार महाग आहे, साहेब. नोडपाशी डेन्सिटी ऑफ स्टेट्स (इलेक्ट्रॉनांना उपलब्ध अवस्थांची घनता) शून्य, पुढे ऊर्जेच्या वर्गाने वाढते. आखूड पल्ल्याची परस्परक्रिया कमी ऊर्जेला विरूनच जाते. कूलॉम्बसुद्धा (भारांमधलं लांब पल्ल्याचं बल) लॉगच्या चालीने, म्हणजे अगदी हळूहळू, क्षीण होतो. लाट उठायला परस्परक्रिया एका मर्यादेपलीकडे जोरदार लागते.

नोडवाला: आधी "कितीही", आता मर्यादा. बरं.

पाटीपेन्सिल: मीन-फील्डवाल्यांना (सरासरी बल धरून गणित करणाऱ्यांना) गॅप सगळीकडेच दिसते. आठ महिने मीही एक गॅप कुरवाळत होतो. स्क्रीनिंग (इतर इलेक्ट्रॉनांनी बल झाकणं) घातलं, गायब!

षट्कोनी: मीन-फील्डच कशाला? २००९ च्या मोंटे कार्लोत (यादृच्छिक नमुने घेऊन केलेल्या संगणकी गणितात) टांगलेलं ग्राफीन (कार्बनचा एक अणू जाडीचा थर) इन्सुलेटर निघालं होतं. २०११ च्या प्रयोगात गॅप नाहीच, उलट डिरॅक बिंदूपाशी (ग्राफीनमध्ये पट्टे टेकतात तिथे) इलेक्ट्रॉनांचा वेग नेहमीच्या जवळजवळ तिप्पट.

पाटीपेन्सिल: मोंटे कार्लोला नावं ठेवू नका. जवळच्या अंतरावरचं बल चुकीचं घातलं होतं. सिग्मा इलेक्ट्रॉनांचं (अणूंमधल्या बंधांतल्या इलेक्ट्रॉनांचं) स्क्रीनिंग धरल्यावर २०१३ मध्ये मोंटे कार्लोनेच सेमीमेटल दिलं.

षट्कोनी: उत्तर फुटल्यावर पेपर सोपाच जातो.

पाटीपेन्सिल: हा शेरा जन्मात एकदा तरी कोड चालवलेल्याने मारावा.

शून्यघनता: अहो, तुम्ही द्विमितीत भांडताय. धागा त्रिमितीतल्या वाइलचा आहे.

नोडवाला: भांडू द्या, तुमचंच फावतंय. टँटलम-सेलेनियम-आयोडीनच्या त्या स्फटिकाचं काय? साधारण २६३ केल्व्हिनखाली लाट उठतेच ना?

शून्यघनता: त्यात अणूंच्या साखळ्या आहेत. असल्या एकमितीय मालाला लाटेची खोडच असते. खापर कूलॉम्बवर फोडण्याआधी फोनॉनांनाही (जाळीच्या कंपनांनाही) विचारा.

नोडवाला: आणि जिथे पट्टे वर्गाने (सरळ रेषेत नाही, पॅराबोलासारखे) टेकतात तिथे? की तेही फोनॉनच?

शून्यघनता: तिथे कूलॉम्ब डोईजड होतो, अब्रिकोसोव्ह-बेनेस्लाव्हस्कींनी १९७१ मध्ये दाखवलंय. घ्या, "कितीही" खोडलं, "माफक" लिहिलं. झालं समाधान?

नोडवाला: माफक कुणाच्या मापाने, तेही लिहा.