ग्राइंडरचा बेल्ट साफ करून वापरावा की बदलावा?

प्रश्न:
पाणी दिलेल्या (तापवून, झटकन थंड करून कठीण केलेल्या) हाय कार्बन पोलादाच्या पात्याचा उतार (धारेकडे पातळ होत जाणारी बाजू) ग्राइंडरवर घासताना टोकाजवळचा पातळ भाग वारंवार निळा पडतो. घासायचा बेल्ट ६० ग्रिटचा (आकडा जितका मोठा, तितके कण बारीक), सिरॅमिकच्या कणांचा आहे. तो बोटाला अजूनही खरखरीत लागतो आणि रबराच्या कांडीने मी तो नियमित साफ करतो, तरीही पूर्वीपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो. हा बेल्ट बदलायला झाला आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
बदलायलाच झाला आहे. पोलाद निळे पडले म्हणजे तेथील तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. आपण पाते २०० अंशांच्या सुमारास टेंपर केले (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवले) असेल, तर तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला आहे आणि वरचा रंग घासून काढल्याने तो परत येत नाही.

बोटाला लागणारी खरखर हा निकष फसवा आहे. बेल्ट उजेडात तिरपा धरून पाहिल्यास कणांचे माथे सपाट होऊन चकाकताना दिसतील. असे कण पोलाद कापण्याऐवजी त्यावरून नुसते घासत जातात, त्यामुळे मोटारीची ताकद कीस काढण्यात न जाता पाते तापवण्यात जाते. रबराची कांडी कणांमध्ये अडकलेला कीस आणि मुठीच्या लाकडाचा राळयुक्त भुसा उत्तम काढते, मात्र बोथट कणांना ती धार देत नाही. सिरॅमिकचा कण पुरेशा दाबाखाली बारीक तुटून नवी कड उघडी करतो. म्हणूनच असा बेल्ट सतत हलक्या हाताने चालवला, तर उलट लवकर चकाकतो. भंगारातल्या पोलादाची अरुंद कड जोराने टेकवून त्यात काही काळ जीव आणता येतो, पण पाणी दिलेल्या पात्यासाठी मी त्या बेल्टवर विसंबणार नाही. एवढ्या मेहनतीचे पाते बेल्टच्या काटकसरीपायी गमावणे मला पटत नाही.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, मात्र जुना बेल्ट फेकू नका. भट्टीतून आलेल्या पात्यावरची काळी खपली इतकी कठीण असते की नव्या बेल्टचे माथे तिच्यावरच मोडतात; ती जुन्या बेल्टवर काढावी. तसेच उतार घ्यायला लागण्यापूर्वी धारेकडच्या काटकोनी कडा जुन्या बेल्टवर ४५ अंशांत मोडून घ्याव्यात, कारण काटकोनी कड नव्या बेल्टवर टेकली की सगळा भार मोजक्या कणांवर येऊन ते मुळासकट उखडतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. २२० आणि ४०० ग्रिटच्या बेल्टनाही हेच लागू पडते का?

उत्तर १:
होय, आणि तेथे अधिक दक्षता हवी, कारण बारीक बेल्ट लवकर भरतो आणि तोवर धारही पातळ झालेली असते. वेग कमी ठेवावा, पाते उघड्या हाताने धरावे आणि बोटाला ऊब जाणवताच ते पाण्यात बुडवावे. शिल्लक बेल्ट खिळ्याला न टांगता जाड गोल दांड्यावर, ओल नसलेल्या जागी ठेवावेत. घडी पडलेला बेल्ट तेथेच तुटतो आणि ओलीने जोडपट्टीचा (बेल्टची टोके जोडणाऱ्या पट्टीचा) चिकटा सुटतो.