मारीचीच्या हातातली सुई: तिला सूर्याची नक्कल म्हणायचं का?

धागाकर्ती:
कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात पालकाळातली (साधारण आठवं ते बारावं शतक) मारीची, म्हणजे बौद्धांची पहाटेची देवी, पाहिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. तीन तोंडं, त्यातलं एक डुकरिणीचं. आठ हात. खाली रथाला सात डुकरं जुंपलेली. शेजारचे गृहस्थ मुलीला समजावत होते, "हा सूर्यच, फक्त बाईच्या रूपात. घोड्यांच्या जागी डुकरं." बरेच जण असंच सांगतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

तिच्या हातांत धनुष्यबाण, वज्र, अंकुश आहेत, तसे ते कितीतरी देवतांच्या हातांत असतात. पण हिच्या एका हातात सुई आहे आणि दुसऱ्यात दोरा. बौद्ध देवतांची रूपं आणि उपासना सांगणारी 'साधनमाला' (बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९२५ आणि १९२८ साली दोन खंडांत छापलेली) सांगते, की या सुईदोऱ्याने ती दुष्टांची तोंडं आणि डोळे शिवून टाकते. सूर्य उगवला की सगळ्यांना दिसू लागतं. ही तर डोळे शिवते. मग ती त्याची नक्कल कशी?

प्रतिसाद १:
असहमत. मरीचि म्हणजे किरण, नावातच सूर्य आहे. रथ, सातचा आकडा, धनुष्यबाण हे सगळं सूर्यमूर्तीतलं, आणि बिहार-बंगालमध्ये त्याच काळात सूर्याच्या मूर्ती ढिगाने घडत होत्या. बघणाऱ्याला सूर्य आठवावा म्हणूनच शिल्पकाराने ही रचना उचलली. शिवाय काही मूर्तींत रथाच्या मधोमध राहूचं नुसतं डोकं असतं. सूर्य बाजूला काढला तर तिथे राहूचं काय काम?

धागाकर्ती:
राहूचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. सूर्याला गिळणारा राहू हिच्या रथाखाली गप्प आहे. मारीचीच्या धारणीत (रक्षणासाठी म्हणायच्या मंत्रपाठात) म्हटलंय, की ती सूर्यचंद्रांच्या पुढे चालते, कोणाला दिसत नाही, कोणाला धरता येत नाही, बांधता येत नाही. सूर्य आठवायला हवा हे कबूल. पण तो आठवायचा तो ही त्याच्याही पुढे आहे हे कळावं म्हणून.

प्रतिसाद २:
डुकरांना कोणी हातच लावला नाही! 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहात भवचक्राच्या (जन्ममरणाच्या चाकाच्या चित्राच्या) मध्यभागी तीन प्राणी काढायला सांगितलेत: पारवा म्हणजे राग (आसक्ती), साप म्हणजे द्वेष आणि डुक्कर म्हणजे मोह, अज्ञान. पहाटेच्या देवीने अज्ञानालाच रथाला जुंपलं, मारून टाकलं नाही. वज्रयानाचा, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाचा, गाभाच हा. त्याच पंथातल्या वज्रवाराही देवीच्या डोक्याशेजारचं डुकरिणीचं तोंडही मी असंच वाचतो.

प्रतिसाद ३:
एवढं तत्त्वज्ञान दगडावर लादू नका, कळकळीने सांगते. धारणीत माणूस मागतो काय? राजापासून, चोरापासून, आगीपासून, पाण्यापासून, शत्रूपासून रक्षण. रानवाटेने निघालेल्याला चोराची नजर पडू नये, एवढंच हवं असतं. जपानचे सामुराई तिला मारिशितेन म्हणून पुजत, ते शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून. डोळे शिवणं हा त्या भीतीवरचा सरळ उपाय आहे. मोह वगैरे पंडितांनी नंतर पाहिलं असेल.

प्रतिसाद २:
'नंतर' कसं? 'दिव्यावदान' पालकाळाच्या आधीचं. आणि विहारांच्या परिसरात मिळालेल्या मूर्ती भिक्षूंच्याही डोळ्यांसमोर असणारच. भिक्षू आणि वाटसरू एकाच मूर्तीत वेगवेगळं पाहू शकत नाहीत का?

प्रतिसाद १:
३शी सहमत व्हावंसं वाटतंय. रचना सूर्याची यावर मी ठाम आहे, पण सुई सूर्याकडून आलेली नाही, हे नाकारता येणार नाही.

धागाकर्ती:
३, तुमचं वाचताना आजी आठवली. सुगीनंतर ती ज्वारीच्या पोत्याचं तोंड दाभणाने शिवायची. सुतळीला पीळ देऊन दर दोन टाक्यांनी ओढून बघायची. शिवून झालं की पोत्यावर हात थोपटून म्हणायची, "आता उंदीर येवो नाहीतर चोर."