माल्व्होलिओला हसायचं की त्याची कीव करायची?

तिसरी_घंटा: शेक्सपिअरचं विनोदी नाटक 'ट्वेल्थ नाइट' बसवताना, माल्व्होलिओला वेडा ठरवून डांबतात त्या अंधारकोठडीच्या प्रवेशाला हशा एकदम आटतो, आणि 'सगळ्या टोळीचा सूड घेईन' या त्याच्या शेवटच्या वाक्याला प्रेक्षक गोंधळतात. माल्व्होलिओ खलनायक धरावा की बळी?

विंगेतून: आधी तो कारभारी आहे हे पक्कं करा. अंक 2, प्रवेश 3 मध्ये मध्यरात्री दारू आणि गाणी चालली आहेत, मालकीण ऑलिव्हिया शोकात आहे. दंगा थांबवणं त्याचं कामच, तिथे तो बरोबर आहे. चुकतो तो पुढे, ऑलिव्हियाची दासी मारिया हिला चहाडीची धमकी देतो तेव्हा. ऑलिव्हियाच्या नावाने खोटं प्रेमपत्र ठेवायचा मारियाचा कट तिथूनच शिजतो. सुरुवातीलाच आवाज चढवला तर तो लगेच नावडता होतो आणि चौथ्या अंकात दयेला जागा उरत नाही. धमकीसुद्धा हळू आवाजात द्या, जास्त बोचते.

संहितावाचक: पत्राच्या प्रवेशात (2.5) पत्र सापडण्याआधीच तो मनाने ऑलिव्हियाचा नवरा, काउंट (सरदार) झालेला असतो. काडी मारियाची, सरपण त्याचं. दिवास्वप्नात 'खेळत बसेन माझ्या...' म्हणून अडखळतो, मग 'एखाद्या रत्नाशी' म्हणतो. त्या अडखळण्यात हात गळ्यातल्या कारभाऱ्याच्या साखळीवर जाऊ द्या. काउंटच्या गळ्यात ती नसणार! पत्रावर विश्वासून तो घालतो त्या पिवळ्या मोज्यांपेक्षा हा क्षण मला मोलाचा वाटतो.

कोठडीबद्दल: 1623 च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात) सूचना 'माल्व्होलिओ, आतून' अशी आहे, म्हणजे नुसता आवाज. चेहरा दाखवलात तर विनोद तिथेच संपतो. विदूषक फेस्टेच्या पायथागोरसवरच्या प्रश्नाला तो शहाण्यासारखं उत्तर देतो, ते रडत म्हणू नये. आणि 'यातून सुटलो तर बरं' हे कटात सामील असलेल्या सर टोबीचं बोलणं कापू नका. ते गेलं की छळाला कुठे हद्दच राहत नाही.

तिसरी_घंटा: आणि शेवटची एक्झिट?

विंगेतून: रडवेली नको. पुरुषवेषात वावरणाऱ्या व्हायोलाचे बायकी कपडे ज्या कप्तानाकडे आहेत तो माल्व्होलिओच्याच फिर्यादीवरून कैदेत आहे. म्हणून तर तिच्याशी लग्न ठरवणारा ड्यूक ऑर्सिनो माल्व्होलिओची समजूत काढायला माणूस पाठवतो. माल्व्होलिओने पहिल्या अंकात मारलेला टोमणा फेस्टे त्याला परत करतो, तेव्हा पूर्ण थांबा घ्या, एकेकाकडे बघू द्या, मग ते सुडाचं वाक्य साध्या आवाजात. तो गेल्यावर ऑलिव्हियाने लगेच बोलू नये.