ऑटवाच्या हिवाळ्याआधी गाडीच्या रंगाची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : नवे_ऑटवावासी

नमस्कार मंडळी. आम्ही याच वर्षी पुण्याहून ऑटवाला आलो आणि गडद निळ्या रंगाची एक वापरलेली गाडी घेतली. बॉनेटवर खडी उडून बारीक टवके गेले आहेत, आणि गाडी धुतल्यावरही दारांच्या खालच्या भागावरून हात फिरवला की खरखर लागते. बर्फ पडण्यापूर्वी सिरॅमिक कोटिंग (रंगावर कडक होऊन बसणारा टिकाऊ संरक्षक थर) करून घ्यावे, की वॅक्स पुरेसे होईल? आम्ही इमारतीत राहतो, त्यामुळे नळाला पाइप जोडून गाडी धुण्याची सोय नाही.

उत्तर : टोरांटोकर

वॅक्स की सिरॅमिक, हे नंतर ठरवावे. आधी ती खरखर काढायला हवी, कारण तिच्यावर जे काही लावाल ते रंगाला धरून राहणार नाही. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि डांबराचे शिंतोडे साध्या शाम्पूने निघत नाहीत. गाडी धुऊन झाली की लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा मारावा (कणांशी संयोग झाला की तो जांभळा होतो), तो सुकण्याआधी भरपूर पाण्याने धुवावा, डांबरासाठी वेगळा द्रव वापरावा आणि उरलेली खरखर भरपूर ओलावा ठेवून क्ले बारने (रंगाला चिकटलेले कण उचलणारा मऊ, मातीसारखा गोळा) हलक्या हाताने काढावी. क्ले बार जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकूनच द्यावा. भांड्यांचा साबण वापरू नये. तो आधीचे वॅक्स काढून टाकतो.

धुण्यासाठी दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची आणि दुसरी हातमोजा खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन इतकाच असतो आणि गडद रंगावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून पॉलिशही गरजेपुरतेच करावे.

हे सगळे हवा १० अंश सेल्सिअसच्या वर असताना सावलीत उरकावे. ऑक्टोबर सरत आला की असे दिवस फार उरत नाहीत.

उत्तर : मिनेसोटावासी

वरील सर्व मान्य आहे; माझा आग्रह मात्र टवक्यांबाबत आहे. कोटिंग कितीही महाग असले तरी ते खडीचा मार अडवत नाही, आणि टवका पत्र्यापर्यंत गेला असेल तर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी तिथूनच गंज सुरू करते. रंगाचा कोड बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. त्यानुसार टच-अप रंग आणून टवके आधी बुजवावेत आणि तो रंग पूर्ण वाळल्यावरच वॅक्स लावावे.

साधे मीठ उणे ९ अंशांच्या आसपास निष्प्रभ होऊ लागते, म्हणून त्याहून कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. ही क्षारद्रव्ये हवेतला ओलावा शोषून घेतात आणि पत्र्याला ओलीच चिकटून राहतात. त्यामुळे खरा धोका गाडीच्या पोटाला आहे. माझ्या मते सिरॅमिकवर खर्च करण्यापेक्षा, चांगले सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखेच, पण कृत्रिम संरक्षक लेपन) लावून उरलेल्या पैशांत गाडीच्या खालून गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यावा आणि तो दरवर्षी करावा. त्या वेळी दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे तेलाने किंवा मातीने बुजलेली नाहीत, हेही पाहून घ्यावे.

नवे_ऑटवावासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टवके आणि तेलाचा फवारा यांनाच प्राधान्य देतो. मात्र ऐन हिवाळ्यात गाडी कुठे आणि कशी धुवावी?

उत्तर : टोरांटोकर

नाणी टाकून स्वतः गाडी धुण्याची केंद्रे आहेत, तिथे जावे. सीलंटपूर्वीची धुलाईही तिथेच करता येईल, फक्त बादल्या वापरायला परवानगी आहे का, ते आधी विचारावे. तिथला फेसाचा ब्रश मात्र रंगाला लावू नये, कारण आधीच्या गाड्यांची वाळू त्यात अडकलेली असते. केवळ दाबाच्या पाण्याने मडगार्डच्या आतला भाग आणि गाडीचे पोट नीट धुवावे. पारा शून्याच्या वर गेलेला दिवस निवडावा आणि दारांची रबरे पुसून त्यांवर सिलिकॉन लावावे, म्हणजे दारे गोठून चिकटणार नाहीत.

छतावरचा बर्फ काढायला फोमचा ब्रश घ्यावा. काचेची खरवडणी रंगाला कधीही लावू नये. हिवाळी टायर बसवताना चाके निघतातच, तेव्हा आतला चिखल धुऊन घ्यायची तीच उत्तम संधी आहे.