अमेरिकेच्या टॅरिफचं कारण देऊन मशीनिंगच्या रेटमध्ये ८ टक्के कपात मागतायत. मान्य करायची का?

भोसरी_सीएनसी | १७ नोव्हेंबर २०२५

मंडळी नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन). चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीचं जॉबवर्क करतो. फोर्जिंग (तापवलेलं लोखंड ठोकून आकार देणं) त्यांचं, ते कापून मापात आणायचं मशीनिंग आपलं. जास्त काम ट्रकच्या फ्रंट अ‍ॅक्सलच्या नकलचं (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग), जे अमेरिकेला जातात. त्याशिवाय ट्रॅक्टरचे हब, तेही एक्स्पोर्टचेच, आणि इथल्याच ट्रक कंपनीला लागणारे दोन-तीन पार्ट.

दिवाळी झाली आणि परचेसकडून मेल आला. अमेरिकेने भारतावर ५० टक्के टॅरिफ लावल्यामुळे सर्व व्हेंडरनी १ सप्टेंबरपासून सर्व पार्टवर ८ टक्के दर कमी करावा, सोबतच्या कागदावर सही-शिक्का करून पाठवावा. सप्टेंबर-ऑक्टोबरची माझी बिलं केव्हाच पास झालेली आहेत, त्यांच्यावर डेबिट नोट (बिलातून पैसे वळते करायचा कागद) लावलीय ती वेगळी.

नकलचा माझा रेट ३१० रुपये. त्याचे ८ टक्के म्हणजे २४ रुपये ८० पैसे. टंगस्टन महागल्यापासून कार्बाइड इन्सर्टचे (कापणाऱ्या टूलच्या टोकांचे) भाव वर्षभर चढतेच आहेत. किंगपिनच्या (नकल ज्यावर फिरतो त्या पिनच्या) बोअरला टॉलरन्स (मापातली मोकळीक) इतका टाईट आहे की इन्सर्ट जरा घासला तरी बदलावाच लागतो, आणि प्रत्येक लॉटला सीएमएम (माप तपासायच्या मशीनचा) रिपोर्ट द्यावा लागतो तो आपल्याच खर्चाने. कूलंट, वीज, ऑपरेटरचे पगार, मशीनचा हप्ता हे सगळं काढल्यावर एका नगामागे जे सुटतं ते साधारण एवढंच. म्हणजे फुकट काम करा असंच सांगणं झालं. माझ्याकडची पोरं आयटीआय करून थेट माझ्याकडे लागलेली, आज सेटिंग स्वतः करतात. त्यांचा पगार मी कापणार नाही, हे आधीच ठरवलंय.

विचारायचं एवढंच: ट्रकच्या पार्टला खरंच ५० टक्के लागतात का? झालेल्या बिलावर मागून अशी कपात करता येते का? आणि काम हातचं न जाता नाही कसं म्हणायचं?

---

सीएचए_न्हावाशेवा

दादा, मी न्हावा शेवा बंदरातला कस्टम्स एजंट (सीएचए). सही करू नका. अजून केली नसेल तर फारच छान.

५० टक्के हा आकडा पेपरात आला आणि सगळ्यांच्या डोक्यात बसला, पण तो सगळ्या मालाला लागत नाही. ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाच्या तेलावरून २७ ऑगस्टपासून आणखी २५, मिळून ५०. परंतु ज्या मालावर अमेरिकेच्या व्यापार कायद्यातल्या कलम २३२ खाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने, आधीच वेगळी ड्युटी आहे, त्याला हे ५० लागत नाहीत. कार आणि हलक्या ट्रकच्या यादीतल्या पार्टना ३ मेपासून सरसकट २५ आहेत. मध्यम आणि अवजड ट्रकचे पार्ट तेव्हा त्या यादीत नव्हते, त्यामुळे ऑगस्टअखेर ते ५० मध्ये अडकले. इथपर्यंत तुमच्या कंपनीचं म्हणणं खरं आहे.

पुढचं मात्र मेलमध्ये दिसत नाही. १ नोव्हेंबरपासून अवजड ट्रक आणि त्यांच्या पार्टवरही कलम २३२ लागू झालं. दर २५ टक्के. म्हणजे बाकी जगाच्या दृष्टीने ड्युटी नव्याने लागली, आणि आपल्या यादीतल्या ट्रक पार्टची ५० वरून २५ वर आली!

आणि इथे तारीख बघायची ती माल अमेरिकेत कस्टम्समधून सुटल्याची. न्हावा शेवाहून कधी निघाला याला महत्त्व नाही. समुद्रातून महिना-सव्वा महिना सहज जातो. तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी दिलेला लॉट त्यांनी पॅक करून ऑक्टोबरमध्ये लोड केला असेल, तर तो तिकडे नोव्हेंबरमध्ये उतरला. त्यावर ५० धरून तुमच्याकडून वसुली करायला काही आधारच नाही.

ट्रॅक्टरच्या हबचं वेगळं आहे. ट्रॅक्टर ना कारच्या यादीत, ना ट्रकच्या. तिथे सध्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ५० खरोखरच लागतात. इथल्या ट्रक कंपनीला जाणाऱ्या पार्टचा अमेरिकेशी काय संबंध? उलट २२ सप्टेंबरपासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ झालाय. त्या पार्टवर ८ टक्के मागणं म्हणजे निव्वळ संधी साधणं.

तेव्हा एकच मागा: पार्ट नंबरप्रमाणे यादी. कुठला पार्ट कुठे जातो, अमेरिकेतला दहा आकडी कोड कोणता, व्यवहार एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतच विकणाऱ्याची जबाबदारी) आहे की डीडीपी (ड्युटीसकट दारात पोच). एफओबी असेल तर ड्युटी अमेरिकेतला आयातदार भरतो, तुमच्या कंपनीच्या खिशातून थेट काही जात नाही. डीडीपी असेल तर ती कंपनी स्वतः भरते, आणि मग तिची ओढाताण खरी आहे.

---

मिशिगन_परचेस

मी मूळची पिंपरीची, गेली बरीच वर्षं इथे एका टियर-१ (वाहन कंपन्यांना थेट पार्ट देणाऱ्या) कंपनीत खरेदी बघते. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

सप्लायर टॅरिफचे पैसे मागतो तेव्हा आम्ही त्याच्याकडून ७५०१ फॉर्म घेतो. कस्टम्सची एन्ट्री समरी असते ती: कोड, किंमत, दर, भरलेली ड्युटी सगळं त्यावर असतं. तो कागद पाहिल्याशिवाय माझ्याकडे एक डॉलर मंजूर होत नाही. मग तुमच्याकडून कागद न दाखवता पैसे का कापावेत? किमती झाकून प्रत द्या म्हणावं, कोड आणि दर दिसला तरी पुरे.

आता हिशेब बघा. समजा नकल एफओबी २,४०० रुपयांना जातो. ५० टक्क्यांनी ड्युटी १,२००, २५ टक्क्यांनी ६००. १ नोव्हेंबरला एका नगामागे ६०० रुपयांचा भार उतरला, आणि तुमच्याकडून मागतायत २४ रुपये ८० पैसे. तुमच्या कपातीने तिकडचं गणित हलत नाही. हलतं ते फक्त तुमच्या शॉपचं.

शिवाय इथे ट्रक जोडणाऱ्या कंपन्यांना पार्टवरच्या ड्युटीपोटी सवलतही आहे, अमेरिकेत जोडलेल्या ट्रकच्या किमतीच्या ३.७५ टक्के, २०३० पर्यंत. कारवाल्यांना तर ती आधीपासून होती. म्हणजे सगळा भार पुण्यावर ढकलायची गरज इथल्या कंपन्यांनाही नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरी काळजी ऑर्डरची आहे. क्लास ८ (सर्वात अवजड) ट्रकची मागणी यंदा इथे मंद आहे, आणि मेक्सिकोतून अमेरिकेशी असलेल्या व्यापार कराराच्या अटीत बसणारे पार्ट अजून विना-ड्युटी येतात. जपान आणि युरोपने कार-पार्टसाठी १५ टक्के ठरवून घेतले, भारताचं नोव्हेंबर २०२५ पर्यंत ठरलेलं नाही. तुमची कंपनी घाबरली असेल तर त्यामागे हे आहे, आणि ते खोटं नाही. पण शेड्यूल (दर महिन्याची ऑर्डर) कमी होणार असेल तर तसं सांगावं. रेट कापून शेड्यूल वाढत नाही.

---

सीए_चिंचवड

डेबिट नोटबद्दल. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल, आणि सूक्ष्म किंवा लघु गटात असाल, तर एमएसएमईडी (लघुउद्योगांचा) कायदा तुमच्या बाजूने आहे. जॉबवर्क सेवेत मोडतं, तेही धरलं जातं. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं कायदा मानतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पूर्ण पैसे द्यायचे. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) रेटपेक्षा कमी दिले तर उरलेली रक्कम थकबाकी. तिच्यावर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. नोव्हेंबर २०२५ मधल्या ५.७५ च्या बँक रेटने ते १७.२५ टक्के होतं. फॅसिलिटेशन कौन्सिलचा (या कायद्याखाली थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा) निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला आणि त्यांना कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

जीएसटीही बघा, नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने. पुरवठ्याच्या आधी झालेल्या करारात नसलेली सूट मागून दिली, तर तेवढ्यापुरता भरलेला जीएसटी कमी करून मिळत नाही. त्यांनी जीएसटीसकट कापलं असेल तर तोही तुमच्याच अंगावर. कृपा करून क्रेडिट नोट (बिल कमी केल्याचा आपल्या बाजूचा कागद) काढून देऊ नका.

आणि त्या कागदावर ‘१ सप्टेंबरपासून’ असं लिहिलंय ना? त्यावर सही केलीत की मागची कपात तुम्हीच कबूल केली असा अर्थ होईल.

---

जुना_टूलरूमवाला

कायदा सगळा बरोबर आहे, पण कौन्सिलमध्ये गेलेल्या व्हेंडरला पुढचं शेड्यूल येत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मी २००८ ची मंदी बघितलीय. तेव्हाही असेच कागद आले होते. ज्यांनी सरसकट सही केली त्यांचा रेट नंतर कधीच वर आला नाही.

म्हणून भांडू नका आणि सरसकटही देऊ नका. ट्रॅक्टर हबला खरंच ५० लागतायत ना, तिथे थोडं द्या. २ टक्के, पुढच्या मालावर, ३१ मार्चपर्यंत, आणि ड्युटी कमी झाली की त्याच दिवशी जुना रेट परत, असं लिहून घ्या. बदल्यात काहीतरी मागा: सीएमएमचा खर्च त्यांनी उचलावा, नाहीतर पेमेंट ३० दिवसांत. परचेसच्या माणसालाही वर काहीतरी दाखवायचं असतं, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका.

---

भोसरी_सीएनसी | २१ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. सही केलेली नाही. पार्ट नंबरप्रमाणे तक्ता करून मेल टाकला: नकल, हब आणि इथले पार्ट वेगवेगळे, आणि कोड, दर, ७५०१ ची प्रत मागितली. काल परचेस मॅनेजरांनी बोलावलं होतं. इथल्या पार्टवरची कपात त्यांनी बसल्या जागी काढली. नकलबद्दल म्हणाले, १ नोव्हेंबरचा बदल आमच्या फायनान्सने अजून धरलेला नाही, विचारून सांगतो. व्यवहार एफओबी आहे हेही त्यांच्याच तोंडून कळलं. हबला मी २ टक्के देऊ केलेत, ३१ मार्चपर्यंत, सीएमएमच्या अटीवर. डेबिट नोट मात्र अजून उभी आहे. सीए साहेबांनी सांगितलं तसं ती मान्य नसल्याचं पत्र आज पाठवतोय, उद्यम नंबर टाकून.

एक गोष्ट मात्र खुपते. १४ तारखेला रिझर्व्ह बँकेने एक्स्पोर्टरला दिलासा दिला. परदेशातून मालाचे पैसे आणायची मुदत ९ महिन्यांवरून १५ झाली, एक्स्पोर्ट क्रेडिटची (निर्यातीसाठीच्या बँक कर्जाची) ४५० दिवस. चांगलंच आहे, द्यायलाच हवा होता. पण त्यांच्या नकलचा बोअर माझ्या मशीनवर होतो आणि मी कुठल्याच कागदावर एक्स्पोर्टर नाही. माझा मशीनचा हप्ता ५ तारखेलाच जातो. एक्स्पोर्टरला मिळणाऱ्या सवलतीला, खालच्या व्हेंडरचे पैसे ४५ दिवसांत दिले असतील तरच, अशी अट का नसावी? आमच्या असोसिएशनच्या बैठकीत हाच मुद्दा मांडणार आहे. भोसरी-चाकणमधलं कुणी असंच अडकलं असेल तर आपला पार्ट आणि आलेल्या कपातीचा टक्का इथे लिहा, कंपनीचं नाव नको. यादी घेऊन गेलो तर बोलणं सोपं जाईल.

---

सीएचए_न्हावाशेवा

७५०१ आला की त्यात आधी ९९०३ ने सुरू होणारा कोड शोधा. ज्यादा ड्युटी कुठल्या आदेशाखाली लागली ते त्याच ओळीवरून कळतं. फोटो इथे टाका, किमती झाकून. मी वाचून सांगतो.