"पेशीला ऑपरेटरचा काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांना

नौपाडा_गणित
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक कॅन्सर केंद्रामध्ये माणसं कॅन्सरशी झुंजताहेत आणि इकडे हिल्बर्ट स्पेसमधल्या ऑपरेटरांवर पीएचड्या चालल्यात. केंद्र सरकारच्या क्वांटम मिशनला ६,००३ कोटी मिळतात. पेशीला या लोकांचा काय उपयोग? तो पैसा प्रयोगशाळांना द्या." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. (नवख्यांसाठी: ऑपरेटर म्हणजे एका फलनाचं दुसरं फलन करणारी गणिती क्रिया, आणि हिल्बर्ट स्पेस म्हणजे अशी फलनं जिथे राहतात तो गणिती अवकाश.)

त्याच ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार, म्हणजे गाठीवर प्रोटॉनांचा झोत सोडणं, सुरू आहेत. प्रोटॉन शरीरात शिरून ऊर्जा कशी सोडत जातो याचं सूत्र हान्स बेथेने १९३० साली काढलं, तेही कागदावर, क्वांटम सिद्धांतातून. त्या सिद्धांताला पक्कं गणित दिलं फॉन नॉयमनने १९३२ मध्ये, आणि ते सगळं ऑपरेटरांचं आहे. उपचाराआधी जो सीटी काढता त्याचं गणित योहान राडोनने १९१७ सालीच मांडून ठेवलं होतं. शरीरातून आरपार जाणाऱ्या रेषांवरच्या बेरजा हातात आहेत, त्यावरून आतलं चित्र परत मिळवायचं. म्हणजे एक ऑपरेटर उलटा फिरवायचा. १९१७ मध्ये राडोनला कुणी "उपयोग काय" म्हणून थांबवलं असतं तर?

ऐरोली_वेटलॅब
ते मी लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन.

राडोनची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅकने १९६०च्या दशकात ते गणित स्वतः सोडवलं. राडोनचा पेपर आहे हेच त्याला माहीत नव्हतं, ते नंतर कळलं. सीटी यंत्र बनवणारा हाउन्सफील्ड तर विद्यापीठाची पदवीही नसलेला अभियंता. त्याने आकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त करत चित्र जुळवलं, आणि १ ऑक्टोबर १९७१ ला पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. १९७९ चं नोबेल या दोघांना. राडोनचा कागद पन्नास वर्षं कपाटात पडून होता. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

आमच्याकडे काय चालतं ते सांगते. मागवलेली अँटीबॉडी चार महिन्यांनी आली. खोका उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, आतलं सगळं फुकट. माझी फेलोशिप एकदा आठ महिने आली नाही. घणसोलीतल्या खोलीचं भाडं वडिलांनी पेन्शनमधून भरलं. तुम्हाला कागद आणि पेन पुरतं. आमच्या पेशी रविवारीही मरतात.

कळवा_खाडी
दोघंही मूळ मुद्दा सोडताय. पेशीच क्वांटम आहे! हिरव्या गंधक-जिवाणूंत प्रकाशाची ऊर्जा लहरीसारखी वाहते, २००७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलंय. तिथे ऑपरेटरशिवाय पान हलत नाही.

ऐरोली_वेटलॅब
तो प्रयोग ७७ केल्विनला झाला होता, म्हणजे उणे १९६ अंशांना. २०२० पर्यंत त्याच क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन लिहिलं की दिसलेली ती लांबलचक थरथर बहुतांशी रेणूंच्या कंपनांची होती. जिवाणू काही त्या थंडीत जगत नाहीत.

पेशीत क्वांटम हवंच असेल तर विकरांकडे (एन्झाइमकडे) बघा. यीस्टच्या अल्कोहोल डिहायड्रोजनेजमध्ये हायड्रोजन अडथळा न चढता जणू बोगद्यातून निघून जातो, यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. जीवरसायनतज्ज्ञ ज्युडिथ क्लिनमनच्या गटाने १९८९ मध्ये नेहमीच्या तापमानाला दाखवलं. कशावरून? हायड्रोजनच्या जागी त्याचीच जड रूपं, ड्युटेरियम आणि ट्रिशियम, घालून वेग मोजले, त्यावरून. मोजल्यावर कळलं.

नौपाडा_गणित
आणि मोजलेल्या वेगांचा अर्थ "बोगदा" असा लागतो हे कुणी शिकवलं? बोगद्याचं गणित आधीपासून होतं म्हणूनच ते आकडे बोलले. राडोनचं मान्य, मी चुकीचं उदाहरण दिलं. पण कॉरमॅकला तेच पुन्हा सोडवण्यात वर्षं घालवावी लागली, कारण शेजारच्या विषयात काय लिहिलंय ते वाचायची सवय कुणालाच नव्हती. ती आजही नाही.

घणसोली_पीसीबी
सवय कशी लागणार? अकरावीतच तोडतात.

मला दहावीला गणितात ९६ होते. क्लासवाल्या सरांनी आईला बसवून सांगितलं, "बायोला जायचंय ना, मग मॅथ्स सोडा, भूगोल घ्या, मार्क वाढतील." आईने ऐकलं, मीही. आता पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेशीकेंद्रातल्या चमकत्या प्रथिनाचा एक ठिपका लेझरने विझवायचा आणि तिथे चमक किती वेळात परतते ते बघायचं, हे माझं रोजचं काम. सॉफ्टवेअरने दिलेला वक्र मी चिकटवला. परीक्षकाने विचारलं, हे प्रथिन नुसतं पसरतंय की वाटेत डीएनएला चिकटून सुटतंय? दोन्हींची समीकरणं वेगळी. मी ती उघडली आणि पहिल्याच ओळीत लाप्लासियन, म्हणजे पसरण्याच्या समीकरणातला ऑपरेटर. रात्री दोन वाजता बाथरूममध्ये जाऊन रडले. रूममेटला कळू नये म्हणून नळ सोडला होता.

कोपरी_क्लास
क्लासवाल्यांवर ढकलणं सोपं असतं. मी वीस वर्षं शिकवतोय. सीईटीचे पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) आणि पीसीबी (भौतिक-रसायन-जीवशास्त्र) हे गट आम्ही पाडले नाहीत. चारही विषय घेतलेली मुलं पहाटे साडेपाचला घर सोडतात, रात्री नऊला परततात. मागच्या वर्षी एक मुलगा माझ्या वर्गात चक्कर येऊन पडला. त्याला मीच सांगितलं, एक विषय सोड. पुन्हा सांगेन.

घणसोली_पीसीबी
त्याला सांगितलंत ते बरोबर असेल. मला कुणी चक्कर आली का म्हणून विचारलं नव्हतं सर. मला गणित आवडायचं.

कळवा_खाडी
माझ्या भाचीचंही हेच झालं. नेरुळला शिकते. कॉलेजने सांगितलं, चारही विषयांची तुकडी भरत नाही, म्हणून बंद केली. मुलीची इच्छा असून उपयोग काय?

कोपरी_क्लास
तुकडी बंद होते हे खरं आहे. त्याचं मलाही वाईट वाटतं.

नौपाडा_गणित
हेच तर म्हणतोय! चूक गणिताची नाही, पेशीवाल्यांनी गणिताला आपलं मानलंच नाही.

ऐरोली_वेटलॅब
"आपलं मानलं नाही"? तोंड सांभाळा. मी तीन वेळा एका गणित विभागाचं दार वाजवलंय, हातात आकडे घेऊन. पहिल्याने सांगितलं, तुमच्या प्रश्नात नवीन प्रमेय नाही. दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसऱ्याने वर्षभराने विचारलं, ते काम अजून आहे का? पेशी चपट्या कागदावर राहत नाहीत. केंद्राला कडा आहेत, आत गर्दी आहे, प्रथिनं अडकतात. तुम्हाला ते घाण वाटतं. आमचं सगळं संशोधन त्या घाणीत आहे.

नौपाडा_गणित
मला घाण वाटत नाही. कडा बदलल्या की ऑपरेटर बदलतो. त्याची आयगेनमूल्यं, म्हणजे त्या ऑपरेटरचे ठरावीक आकडे, बदलतात, आणि चमक परतायला लागणारा वेळ त्यांच्यावरच ठरतो. गर्दीत अडकत जाणाऱ्या कणांसाठी पसरण्याचं साधं समीकरण अनेकदा पुरत नाही, त्यातलं काळाचं अवकलन अपूर्णांकी घाताचं घ्यावं लागतं. मी चार वर्षं त्यावरच काम करतोय. एकाही पेशीवाल्याने मला आकडे दाखवले नाहीत. त्या विभागांनी तुमच्याशी केलं ते वाईट केलं, एवढं म्हणतो.

ऐरोली_वेटलॅब
ऑपरेटरवर पैसा नको, हे वाक्य मी मागे घेते. अँटीबॉडीचं आणि फेलोशिपचं घेत नाही.

घणसोली_पीसीबी
@नौपाडा_गणित, माझ्याकडे ४१ पेशींचे वक्र आहेत. केंद्राचे फोटोही आहेत, कडा स्पष्ट दिसतात. बघाल का?

नौपाडा_गणित
पाठवा. रविवारी सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला या, वही घेऊन. लाप्लासियनपासून सुरू करू. एक गोष्ट आधीच सांगतो, काम जमलं तर पेपरवर माझं नाव हवं, आभारात नको.

ऐरोली_वेटलॅब
नाव द्यायलाच हवं. मीही येते. कुठल्या फोटोत पेशी आधीच मेलेली आहे ते तुम्हाला ओळखता येणार नाही.