गावच्या बंबाला हायड्रंटचं पाणी: पैसे कोणी भरायचे?

खाडीपलीकडचा

राहतो मुलुंडला, गाव भिवंडी तालुक्यात, गोदामांच्या पट्ट्यात. ग्रामपंचायत आणि गावातली पोरं यांनी मिळून एक जुना टँकर घेतला, त्यावर पंप बसवला, दोन होज आणल्या. शहरातला बंब ट्रॅफिकमधून वाट काढत येईपर्यंत आग धरून ठेवायची, एवढंच त्यांचं काम.

गेल्या उन्हाळ्यात पुठ्ठ्याच्या गोदामाला रात्री आग लागली. टँकरमध्ये साडेचार हजार लिटर पाणी. एक होज मिनिटाला साधारण 450 लिटर खाते, म्हणजे दहा मिनिटांत टँकर कोरडा. भरायचा कुठे? बोअरवर. बोअर मिनिटाला शंभर लिटर देते, म्हणजे पाऊण तास. आणि तिथून हाकेच्या अंतरावर पाणीयोजनेच्या लाइनवर हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचा मोठा नळ, उभा! व्हॉल्व्हची चावी चावीवाल्याकडे, चावीवाला दोन गावं पलीकडे, फोन बंद. पोरांनी पाना लावून पाहिला, एकाच्या तळहाताची सालं निघाली, व्हॉल्व्ह हलला नाही.

नंतर रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: अनामत भरा, दरवर्षी स्थिर आकार भरा, वर मीटरप्रमाणे पाणी वेगळं. तो आकार पंचायतीच्या वर्षभराच्या दिवाबत्तीच्या बिलाएवढा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. आग विझवायला लागणाऱ्या पाण्याचे पैसे विझवणाऱ्याकडून घेऊच नयेत.

निवृत्त पाणीखातं, भांडुप

पटलं नाही. तुम्ही पाण्याचे पैसे म्हणताय, पण तो आकार पाण्याचा नाहीच. हजार लिटरला पन्नास रुपये धरले तरी तुमच्या टँकरची एक खेप सव्वादोनशे रुपयांची. पैसे लागतात ते पाणी तयार ठेवायला. पिण्यापुरती टाकलेली बारीक लाइन दोन होजचे 900 लिटर मिनिटाला देऊ शकत नाही. मोठ्या व्यासाचा पाइप लागतो. जबरदस्तीने खेचलं तर लाइनमधला दाब पडतो, आणि गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत शिरतं. शिवाय व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी फिरवावा लागतो, ग्रीस लागतं, माणूस लागतो. तुमच्या पोराचा हात सोलला तो हे कोणी केलं नव्हतं म्हणून.

मुंबईतच बघा. जुन्या शहरात इंग्रजांच्या काळापासून हायड्रंट आहेत. किती चालतात? बरेचसे फुटपाथखाली गेले, रस्ते उंच होत गेले तसे गाडले गेले. ज्याच्या देखभालीचा पैसा कुणाच्याच नावावर नसतो, त्याचं असं होतं.

तानसाकाठ

मी शहापूरचा, नोकरी दादरला. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतोय, नंतर वैतरणा, भातसा. जलवाहिन्या आमच्या शेतांना लागून जातात आणि एप्रिल-मेमध्ये आमचे पाडे टँकरवर जगतात. त्या मुलखातल्या घराला आग लागली की पाण्याची किंमत विचारायची? निदान आगीपुरतं तरी ते पाणी मोकळं असावं.

निवृत्त पाणीखातं, भांडुप

तानसाकाठ, पाड्यांबद्दल तुम्ही बोलता ते खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण मुख्य जलवाहिनीला गावोगाव हायड्रंट लावता येत नाहीत. एक सांधा निसटला तर लाखो लोकांचं पाणी जातं.

ठाण्याची वकील

दोघेही चुकीच्या खिशाकडे बघताय. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यांत पिण्याचं पाणी आहे, अग्निशमन नाही. मग पंचायतीने हा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?

अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला होता. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सिएटलच्या प्रकरणात सांगितलं की हायड्रंट पुरवणं हे शासनाचं काम आहे, त्याचा खर्च पाणीबिलातून वसूल करता येणार नाही, सर्वसाधारण करातून करा. म्हणजे फुकट नाही, पण पाणीबिल भरणाऱ्याच्या माथीही नाही. आपल्याकडे 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात अग्निशमन शुल्काची तरतूद आहे. ते घेणाऱ्या प्राधिकरणाने हायड्रंटचा आकार भरावा.

गोदाममालक

ते शुल्क ज्याला भरावं लागतं, त्याच्या बाजूने मी हे लिहितोय. पंचायतीचा कर भरतो, आग विझवायचे स्वतःचे सिलिंडर, स्वतःची टाकी, विमा. वर पुन्हा आगीच्या नावाने पैसे मागाल, आणि आग लागल्यावर पाणी बोअरचं? माझ्या शेजारच्या गाळ्यात कामगार झोपतात. मला पावती नको, पाणी हवं. माझ्या आवारात जमिनीखाली 50 हजार लिटरची टाकी बांधायला जागा देतो. अर्ध्या इंचाच्या नळाने भरेल, आगीला शुद्ध पाणी लागत नाही.

निवृत्त पाणीखातं, भांडुप

हे चांगलं आहे. मिनिटाला दहा लिटर आले तरी साडेतीन दिवसांत टाकी भरते, लाइनवर ताण नाही. मात्र एकदा रिकामी झाली की पुढचे साडेतीन दिवस ती नाही. आणि उन्हाळ्यात त्याच टाकीतून झाडांना पाणी घालायचं नाही, हे कोण बघणार?

खाडीपलीकडचा

वकीलताई, प्राधिकरणाचं तुम्ही म्हणता ते ग्रामसभेत मांडतो. टाकी मिळाली तर घेऊच. पण टाकी एका आवारात, आणि गाव तीन किलोमीटर पसरलेलं. हायड्रंट सोडणार नाही. साहेब, आकाराचं तुमचं बरंचसं पटलं, कोणीतरी भरायलाच हवा. पण एवढे पैसे भरूनही चावी दोन गावं पलीकडेच राहणार असेल तर भरून काय? एक चावी टँकरवर हवी.

निवृत्त पाणीखातं, भांडुप

मी नोकरीत असतो तर नुसती चावी दिली नसती. दुसऱ्याच महिन्यात लग्नाला टँकर भरले गेले असते. मीटर बसवलेला स्टँडपाइप, म्हणजे हायड्रंटवर जोडायचा उभा पाइप, दिला असता, चावीसकट, सही घेऊन.

खाडीपलीकडचा

मीटर चालेल. सहीही करतो. आकडा वाचायला आग विझल्यावर या.